मेंदू किती? एका उपमेची तपासणी

‘प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू’ ही नेहमीची उपमा आम्हांला अपुरी वाटते. मेंदू एकच असतो. प्रोसेसर मोजावे लागतात. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये सादर केलेल्या ‘परम ८०००’मध्ये ६४ ट्रान्सप्युटर होते, तिथे चिपा मोजल्या की काम भागे. आजच्या सर्व्हरमध्ये एका चिपवर अनेक कोअर असतात, एका कोअरवर बहुधा दोन थ्रेड. शिवाय एकाच यंत्राचे अनेक विभाग पाडता येतात.

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरील द्विशिक्षकी शाळेची उपमा आम्हांला अधिक पटते. वर्ग चार, शिक्षक दोन. वर्गांवरून शिक्षक मोजले तर उत्तर दुप्पट येते. आणि एका शाळेवरून तालुक्यातले शिक्षक कळत नाहीत. समजा, ४ चिपा, प्रत्येकी १६ कोअर: एकूण ६४. थ्रेड धरून १२८. यांतले १६ कोअर एका विभागाला दिले, तर तेथील कार्यप्रणालीला ३२ प्रोसेसर दिसतील. सारे आकडे खरे, पण प्रश्न वेगवेगळे. अनेक सॉफ्टवेअरचे शुल्क कोअरच्या संख्येवर ठरते; तिथे ही गफलत महागात पडते.

शाळेतल्या विंडोज संगणकावर टास्क मॅनेजर उघडून कोअर आणि लॉजिकल प्रोसेसर हे दोन्ही आकडे मुलांना टिपायला सांगावेत. ‘किती?’ याआधी ‘काय मोजले?’ हे विचारण्याची सवय त्यातून लागेल.