देवाचें ऐकणें आणि घरचें ऐकणें

प्रार्थना कशी करावी हें शिकविणारीं पुस्तकें ख्रिस्ती वाङ्मयांत विपुल आहेत. मनुष्यानें देवाशीं काय बोलावें, केव्हां बोलावें, गुडघे टेकून बोलावें कीं चालतां चालतां, याची चर्चा त्यांत भरपूर सांपडते. परंतु बोलून झाल्यावर ऐकावें कसें, आणि जें ऐकूं आलें तें देवाचेंच कशावरून, या प्रश्नाशीं आलें म्हणजे बहुतेक ग्रंथकार घाईघाईनें पुढें सरकतात. त्यांची घाई आम्हांस समजते. "देवानें मला असें सांगितलें" हें वाक्य एकदां घरांत उच्चारलें गेलें कीं वादाला जागा उरत नाहीं. आणि तें उच्चारणारा घरचा कर्ता पुरुष असला, तर बाकीच्या माणसांनीं काय करावें हें कोणतेंच प्रार्थनापुस्तक सांगत नाहीं.

या अडचणीवर प्रकाश पाडणारीं तीन पुस्तकें आम्हीं येथें विचारासाठीं घेतलीं आहेत. एक सतराव्या शतकांतील एका फ्रेंच मठांतील आचाऱ्याचें, दुसरें विसाव्या शतकांतील एका अमेरिकन मिशनऱ्याचें, आणि तिसरें आपल्याच भाषेंतील एका गृहिणीचें. तिसऱ्याला कोणी प्रार्थनेचें पुस्तक म्हणत नाहीं. तें एकदां तसें वाचून पाहावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

आचाऱ्याचें मठांतील नांव बंधु लॉरेन्स. लोरेन प्रांतांतील एका गरीब घरांत त्याचा जन्म झाला. अठराव्या वर्षीं हिवाळ्यांत एक निष्पर्ण झाड त्याच्या दृष्टीस पडलें. थोड्याच दिवसांत याला पालवी फुटेल, मग फुलें येतील, फळें येतील, असा विचार मनांत आला, आणि त्या विचारासरशी ईश्वराच्या सामर्थ्याची जी जाणीव त्याला झाली ती जन्मभर पुसली गेली नाहीं. पुढें त्यानें शिपाईगिरी केली, जखमी झाला, एका बड्या माणसाकडे हुजऱ्या म्हणून राहिला. तेथें हाताला येईल तें फोडणारा धांदरट म्हणून आपण प्रसिद्ध होतों, असें तोच सांगतो. अखेरीस पॅरिसच्या कार्मेलाइट मठांत तो सेवकबंधु झाला, आणि ज्या कामाचा त्याला स्वभावतःच तिटकारा होता तें मुदपाकखान्याचें काम नेमकें त्याच्या वाट्यास आलें. तें त्यानें पंधरा वर्षें केलें. सन १६९१ मध्यें तो वारला. त्यानें स्वतः ग्रंथ असा लिहिला नाहीं. त्याचीं कांहीं पत्रें, आणि १६६६ पासून बोफोर नांवाच्या एका धर्मगुरूनें त्याच्याशीं झालेल्या संभाषणांचीं करून ठेवलेलीं टिपणें, यांवरून त्याच्या मृत्यूनंतर हें लहानसें पुस्तक सिद्ध झालें. ईश्वराच्या सान्निध्याचा अभ्यास हा त्याचा विषय. फ्रान्समध्यें त्या काळच्या धार्मिक वादांमुळें तें लवकरच मागें पडलें, आणि एका कॅथलिक साधूची ही शिकवण जपली ती मुख्यतः इंग्लंडांतील प्रॉटेस्टंट वाचकांनीं. धर्मेतिहासांत असल्या गमती अधूनमधून आढळतात.

देवाचें ऐकूं येण्याच्या हव्यासानें जो हें पुस्तक हातीं घेईल त्याची निराशा होईल, कारण यांत देव जवळजवळ बोलतच नाहीं. बोलतो तो आचारी. भांडीं घांसतांना, अंडें परततांना, एकाच वेळीं दहाजण दहा वस्तु मागत असतांना तो मनांतल्या मनांत देवाशीं दोन शब्द बोलतो आणि पुन्हां कामाला लागतो. मठासाठीं दारू खरेदी करण्यास त्याला परगांवीं धाडीत. पाय अधू असल्यामुळें नावेंत पिंपांवरून लोळत लोळत त्याला इकडून तिकडे जावें लागे. व्यवहाराचें ज्ञान शून्य. हें काम तुझें आहे, असें देवाला सांगून तो निघे, आणि खरेदी ठीक होऊन जाई. या प्रसंगाची गोडी कोणासही कळेल. परंतु टिपणें करणाऱ्यानें आणि विशेषतः नंतरच्या भाविक संपादकांनीं या प्रसन्न बाजूवरच भर दिला आहे, अशी आमची तक्रार आहे. याच मनुष्यानें चार वर्षें आपला नाश ठरलेला आहे या खात्रीनें काढलीं, आणि जगांतील कोणीही त्याची ती खात्री घालवूं शकला नाहीं, ही गोष्ट पुस्तकांत थोडक्या ओळींत आटोपली आहे. त्या अंधारांतून तो सुटला तो कोणत्याही दिलाशाच्या वाणीनें नव्हे. आपण तरूं कीं बुडूं हा प्रश्नच त्यानें सोडून दिला. काय व्हायचें असेल तें होवो, जिवंत आहें तोंवर देवावर प्रेम करण्यापुरतें तरी आपलें चालेल, असें त्यानें ठरविलें. आमच्या मतें साऱ्या पुस्तकांत याहून मोलाची जागा नाहीं.

ती मोलाची कां, हें सांगण्यासाठीं बायबलांतील शमुवेलाची गोष्ट आठवावी लागते. मंदिरांत निजलेल्या त्या मुलाला रात्रीं हांक येते, आणि तीन वेळां तो उठून म्हाताऱ्या एलीकडे धांवतो. हांक कोणाची हें मुलाला कळत नाहीं. तें एलीनें ओळखून सांगावें लागतें. ऐकणें ही शिकण्याची विद्या आहे, आणि ती दुसऱ्या माणसाकडून शिकावी लागते, हें त्या कथेइतकें साध्या रीतीनें इतरत्र क्वचितच सांगितलें गेलें असेल. पण गोष्टीचा कांटा पुढें आहे. जो निरोप येतो तो एलीच्याच घराण्याच्या विरुद्ध असतो, आणि एली तो मुलाकडून आग्रहानें वदवून घेतो. यावरून पुष्कळ उपदेशकांनीं एक कसोटी काढली आहे : जी वाणी आपली खुशामत करते ती संशयास्पद समजावी, जी आपणांस बोंचते ती विश्वासार्ह. कसोटी सोयीची आहे, आणि अर्धी खरीही आहे. परंतु लॉरेन्सचीं तीं चार वर्षें तिच्या आड येतात. तूं बुडालास, असें सांगणारा त्याच्या अंतरांतील सूर कांहीं कमी बोंचरा नव्हता. तो देवाचा होता असें मात्र कोणी म्हणणार नाहीं. खिन्न प्रकृतीच्या माणसाला स्वतःविरुद्धचे निवाडे रात्रंदिवस ऐकूं येत असतात. तेव्हां कडवटपणा हा पुरावा होऊं शकत नाहीं. लॉरेन्सला जेव्हां खरोखर ऐकूं येऊं लागलें तेव्हां त्याचें लक्ष स्वतःच्या गतीवरून उठून समोरच्या कढईवर आलें होतें.

दुसरें पुस्तक फ्रँक लॉबाक यांच्या पत्रांचें. हे गृहस्थ अमेरिकन बोर्डाचे, म्हणजे ज्या संस्थेच्या मराठी मिशननें अहमदनगरास एवढें काम केलें तिचेच. १९१५ मध्यें ते फिलिपाइन बेटांत गेले, आणि १९३० च्या सुमारास मिंदानाओ बेटांतील लानाओ सरोवराच्या कांठीं, मारानाओ नांवाच्या मुसलमान लोकांत एकटेच राहत होते. लोक त्यांना जवळ करीत नसत. तेथून त्यांनीं वडिलांना लिहिलेलीं पत्रें १९३७ मध्यें पुस्तकरूपानें निघालीं. दिवसाच्या प्रत्येक क्षणीं देवाचें स्मरण ठेवावें आणि त्याचें ऐकावें, असा प्रयोग त्यांनीं आरंभिला होता. पुढें तर मिनिटांचा हिशोब ठेवून या साधनेचा त्यांनीं एक खेळच बनविला. हा हिशोब आम्हांस रुचत नाहीं. खतावणी आली म्हणजे लक्ष पुन्हां स्वतःच्या जमेकडे वळतें, आणि मघांशीं सांगितलेल्या आचाऱ्यानें जें ओझें टाकून दिलें होतें तेंच मागल्या दारानें घरांत येतें.

परंतु या साधकानेंच एका संध्याकाळची हकीकत सांगितली आहे, ती टाळतां येत नाहीं. घरामागच्या टेकडीवर कुत्र्यासह ते बसले असतां त्यांचेच ओंठ हलूं लागले, आणि देव आपल्याशीं आपल्याच मुखानें बोलत आहे असें त्यांना वाटलें. वाणी स्वतःच्या जिभेवरून आली, तेव्हां संशयाला भरपूर जागा आहे. पण ती काय म्हणाली? तूं गोरा आहेस म्हणून या लोकांहून स्वतःला श्रेष्ठ समजतोस, आणि म्हणूनच तुझें यांच्यावर प्रेम नाहीं, हा तिचा आशय. टेकडी उतरून ते मुसलमान धर्मगुरूंकडे गेले आणि आपणांस तुमचें कुराण शिकावयाचें आहे असें त्यांनीं सांगितलें. जो समाज इतके दिवस दूर राहिला होता तो त्यांच्या घरीं येऊं लागला. मग त्यांनीं त्या लोकांची भाषा शिकून घेतली, ती लिहिण्याची सोय केली, आणि तेथूनच ती साक्षरतेची चळवळ निघाली, जिच्यापायीं ते १९३५ मध्यें हिंदुस्थानांतही आले. लॉरेन्सच्या अंधारांतील सूर त्याला त्याच्यापाशींच डांबून ठेवीत होता. टेकडीवरच्या वाणीनें लॉबाकांना उठवून दुसऱ्याच्या दारीं नेलें. दोन्ही सूर कडू होते. फरक काय तो दिशेचा.

येथपर्यंत आल्यावर संसारी वाचक एक रास्त शंका काढील. मठांतल्या आचाऱ्याला बायकामुलें नव्हतीं, आणि लॉबाकांचें कुटुंब त्या काळीं त्यांच्यापासून दूर होतें. आठ माणसांच्या घरांत, जेथें दूध उतूं जात आहे आणि मूल तापानें फणफणलें आहे, तेथें हें ऐकणें कसें साधावें? याच शंकेपायीं आम्ही लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रें' या ग्रंथाकडे वळतों. १९३४ पासून १९३६ पर्यंत तो चार भागांत प्रसिद्ध झाला. त्यांतील विनोदाची आणि भाषेच्या सहजतेची स्तुति इतकी झाली आहे कीं तिच्यांत भर घालण्याचें कारण नाहीं.

नारायण वामन टिळक हे ऐकणाऱ्यांपैकीं होते. १८९३ मध्यें नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत भेटलेल्या एका अनोळखी युरोपियनानें त्यांना नवा करार दिला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकीत केलें. १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनीं आंतली हांक मानली आणि तिची किंमत चुकविली, याविषयीं शंका घेणें अन्यायाचें होईल. पण ती किंमत एकट्यानें चुकविलेली नव्हती. हें पाऊल पत्नीच्या संमतीवांचून पडलें, आणि पुढलीं कित्येक वर्षें त्या बाईनें नवरा जिवंत असून विधवेहून विचित्र अशा स्थितींत नातेवाइकांच्या आधारानें काढलीं. या दृष्टीनें पाहिलें तर 'स्मृतिचित्रें' हें ऐकणाऱ्याच्या शेजारीं बसलेल्या माणसाचें पुस्तक आहे. अंतःकरणांत ऊर्मि उठतांच टिळक ती अमलांत आणीत. हातांत असेल तें मागणाऱ्याला देऊन टाकीत. आणि मग संध्याकाळीं चुलीवर काय ठेवावें हा प्रश्न मागें उरे, तो लक्ष्मीबाईंचा. त्या हें सारें हंसत सांगतात. वाचकानें मात्र नुसतें हंसून पुढें जाऊं नये.

क्वेकर पंथावर असा प्रसंग फार पूर्वीं आला होता. १६५६ मध्यें त्यांच्यांतील जेम्स नेलर हा पुढारी अंतःप्रेरणेच्या भरांत येशूच्या यरुशलेम-प्रवेशाचें अनुकरण करीत, अनुयायांच्या जयघोषांत घोड्यावरून ब्रिस्टल शहरांत शिरला, आणि पार्लमेंटानें त्याला अमानुष शिक्षा दिली. त्यानंतर, एकट्याला झालेली प्रेरणा मंडळीपुढें मांडावी आणि सर्वांनीं शांत बसून ती पारखावी, या रीतीवर त्या पंथानें अधिकाधिक भर दिला. अशी मंडळी प्रत्येक गृहस्थाला घरबसल्या लाभलेली असते. तिला विचारण्याची रीत मात्र आपल्याकडे पडलेली नाहीं, मग घर हिंदु असो वा ख्रिस्ती.

आणि लक्ष्मीबाईंचें स्वतःचें ऐकणें? टिळकांजवळ परत आल्यावरही त्या सोंवळें-ओंवळें पाळीत होत्या, आपला स्वयंपाक वेगळा ठेवीत होत्या. पतीच्या युक्तिवादानें जें झालें नाहीं तें एके दिवशीं त्या एकट्याच विचार करीत बसल्या असतांना झालें. जात देवानें केली कीं माणसानें, असा प्रश्न त्यांनीं स्वतःला घातला. जन्म सर्वांचा सारखा, मरण सर्वांचें सारखें, मग देवानें भेद कोठें ठेवला? तर्क अगदीं घरगुती आहे. एखादा पंडित त्याला दहा ठिकाणीं अडवील. परंतु त्याच्यापाठोपाठ निश्चय आला कीं यापुढें कोणाच्याही हातचें खाईन, आणि निश्चयापाठोपाठ कृति. ज्यांना आजवर दूर ठेवलें त्यांच्या दिशेनें ही कृति गेली, आणि पिढ्यान्पिढ्यांच्या संवयीविरुद्ध गेली. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्यें झाला. आमच्या समजुतीप्रमाणें त्यांच्या ऐकण्याचा खरा क्षण त्यापूर्वींचा, तो हाच.

ऐकणें म्हणजे जर शेवटीं सरळ विचार आणि शेजाऱ्याविषयीं आस्था एवढेंच, तर त्यांत देवाचें काय उरलें, असा आक्षेप भाविक वाचक घेईल. तो आम्हांस खोडून काढतां येणार नाहीं. इतकेंच दाखवितां येईल कीं या तिघांनाही जें सुचलें तें त्यांच्या आवडीचें नव्हतें, त्यांनीं तें मागितलें नव्हतें, आणि सुचल्यावर तें बाजूला सारणें त्यांना जमलें नाहीं. त्या सुचण्याला काय नांव द्यावें हें ज्यानें त्यानें ठरवावें.

टिळकांनीं १९१७ मध्यें मिशनचें वेतन सोडून ख्रिस्ती संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. १९१९ मध्यें ते वारले तेव्हां त्यांचें 'ख्रिस्तायन' हें महाकाव्य नुकतेंच कोठें आकारास येत होतें. तें पुढें नेलें लक्ष्मीबाईंनीं, ज्यांना लग्न झालें तेव्हां अक्षरओळखही नव्हती. त्या काव्यांत टिळकांचा हात थांबतो आणि लक्ष्मीबाईंचा सुरू होतो, त्या जागेवर आमच्या वाचकांनीं अंमळ सावकाश वाचावें.