भिंतीवरचा देव

गेल्या जत्रेच्या वेळी आमच्या देवळाच्या अग्रशाळेत एका परिचित गृहस्थांनी आम्हांस बाजूला घेऊन एक प्रश्न विचारला. त्यांच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने आपल्या खोलीत एका विलायती गिटारवादकाचे चित्र लावले आहे. हा वादक कित्येक वर्षे हेरॉइन आणि मद्य यांच्या आहारी गेलेला होता, असे त्या गृहस्थांच्या कानांवर आले होते. ज्या भिंतीच्या पलीकडे देवघर आहे, त्या भिंतीवर असल्या माणसाचे चित्र असावे काय, हा त्यांचा प्रश्न. मुलगा जवळच उभा होता. तो वडिलांशी वाद घालीत बसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने त्या वादकाचे आत्मचरित्र आणून आमच्या हाती ठेवले आणि एवढेच म्हणाला, "काका, हें वाचून पळयात."

तो वादक म्हणजे एरिक क्लॅप्टन. त्याचे आत्मचरित्र २००७ साली प्रसिद्ध झाले. आम्ही ते वाचले, त्याच्या ध्वनिमुद्रिका पुन्हा लक्षपूर्वक ऐकल्या; आणि बापाचा आक्षेप व मुलाची भक्ती या दोहोंनीही आमचे समाधान झाले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

क्लॅप्टन १९४५ साली इंग्लंडातील रिप्ले या खेड्यात जन्मला. आई अविवाहित, वयाने अवघी सोळा वर्षांची. आजी-आजोबांनी त्याला वाढविले, आणि तेच आपले आईबाप व जन्मदाती ती आपली थोरली बहीण, असे त्या मुलाला कित्येक वर्षे वाटत होते. तेराव्या वर्षी एक जर्मन बनावटीची, तारा बोटांना कापतील अशी गिटार हाती आली. गुरू कोणी नव्हता. रॉबर्ट जॉन्सन, मडी वॉटर्स, बी. बी. किंग या अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायकवादकांच्या तबकड्या लावायच्या, आपले वादन ध्वनिफितीवर उतरवायचे, आणि दोन्ही पुन्हापुन्हा ताडून पाहायची, अशी त्याची तालीम होती. या संगीतास ब्लूज म्हणतात. मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यांत, गुलामांच्या नातवंडांनी आपल्या दुःखाला दिलेले ते रूप आहे. रॉक संगीताची पुढची सारी इमारत बव्हंशी याच पायावर उभी आहे, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

विशीत असतानाच या तरुणाचे नाव एवढे झाले की, लंडनच्या इझलिंग्टन भागातील एका भिंतीवर कोणा चाहत्याने रंगाने लिहून ठेवले: क्लॅप्टन हा देव आहे. आपल्या वाचकांपैकी काहींना हे ऐकून हसू येईल, काहींना रागही येईल. पण आपल्याकडेही नटनट्यांच्या तसबिरींना हार घातले जातात, तेव्हा इंग्रजांनाच हसण्यात अर्थ नाही. फरक असलाच तर एवढाच की, आपल्या पूर्वजांनी उत्तम गवयाला पदवी दिली ती गंधर्वाची, देवाची नव्हे. आणि पुराणांतले गंधर्व काही सदाचरणाविषयी प्रसिद्ध नाहीत!

आता बापाचा आक्षेप पाहू. व्यसनाची हकीकत खरी आहे, आणि ती लपविलेली तर मुळीच नाही. १९७० नंतरची जवळजवळ तीन वर्षे हेरॉइनने खाल्ली. त्यातून सुटका होते न होते तोच मद्याने धरले, ते दशकाहून अधिक काळ. १९८२ साली तो अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला आणि काही काळाने पुन्हा पिऊ लागला. १९८७ साली पुन्हा तेथेच गेला. या दुसऱ्या खेपेस, आपल्याने हे होणार नाही अशी खात्री पटून, खोलीत एकटाच असताना आपण गुडघे टेकले व मदतीची याचना केली, आणि तेव्हापासून सकाळी व रात्री गुडघे टेकून प्रार्थना करण्याचा नेम मोडला नाही, असे तो सांगतो. देवावर आपली श्रद्धा नेमकी कशा स्वरूपाची आहे, याविषयी त्याला फारसे सांगता येत नाही. आम्हांस तर हे न सांगता येणेच अधिक विश्वसनीय वाटले.

यानंतर चार वर्षांनी, २० मार्च १९९१ रोजी, त्याचा चार वर्षांचा मुलगा न्यूयॉर्कमधील एका इमारतीच्या त्रेपन्नाव्या मजल्यावरील खिडकीतून पडून मरण पावला. या प्रसंगानंतर माणूस पुन्हा बाटलीकडे वळला असता, तर त्याला दोष देण्यास कोणाची जीभ उचलली असती? तो वळला नाही. त्या दुःखातून निघालेले 'टिअर्स इन हेवन' हे गीत साऱ्या जगाने ऐकले आहे. त्यात तिशीतल्या क्लॅप्टनची विजेसारखी तान कोठेही नाही. नायलॉनच्या तारांवर मोजके, जपून टाकलेले स्वर आहेत. १९९८ साली त्याने अँटिग्वा बेटावर व्यसनी लोकांसाठी उपचारकेंद्र काढले, आणि त्यासाठी १९९९ साली आपल्या शंभर गिटारी लिलावात विकल्या. त्यांचे सुमारे ५० लाख डॉलर आले. पुढे २००४ साली, ज्या काळ्या गिटारीवर त्याने आयुष्यातले उत्तम वादन केले, तीही विकली. तिला ९,५९,५०० डॉलर मिळाले. वादकाला आपले वाद्य विकणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरात पिढीजात तंबोरा आहे त्याला सांगावयास नको.

तेव्हा केवळ व्यसनाच्या कारणास्तव हे चित्र उतरवावे, असे आमच्याने म्हणवत नाही. जो कधी घसरलाच नाही, त्याला घसरलेल्याला वर येण्याची वाट कशी दाखविता येणार? मात्र मुलाच्या बाजूनेही एक धोका आहे. चाहता अनुकरण करतो ते बहुधा सोप्या भागाचे. जॅझ संगीतातील चार्ली पार्कर हा अलौकिक वादक १९५५ साली चौतिसाव्या वर्षी वारला. त्याची प्रतिभा त्या विषातूनच येते, अशा समजुतीने कित्येक तरुण वादक हेरॉइन घेऊ लागले. पार्करची बोटे मिळाली नाहीत. सुई तेवढी मिळाली. क्लॅप्टनच्या पिढीलाही या दंतकथेने कमी भुलविले नाही. ध्वनिफितीवर आपले वादन उतरवून ताडून पाहण्याची तपश्चर्या कोणी चित्रात पाहत नाही. चित्रात ओठांतली सिगारेट दिसते.

येथवर पुस्तकाने मुलाची बाजू सावरली. पण बापाला ज्याची वार्ताही नव्हती अशी एक गोष्ट त्याच पुस्तकात आहे, आणि आमच्या मते खरा प्रश्न तेथे सुरू होतो.

५ ऑगस्ट १९७६ रोजी बर्मिंगहॅमच्या रंगमंचावर, मद्याच्या अमलाखाली, क्लॅप्टन श्रोत्यांशी बोलू लागला. परकीयांनी हा देश सोडून जावे आणि लोकांनी इनॉक पॉवेलला मत द्यावे, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. भाषा येथे छापण्याजोगी नव्हती. हा पॉवेल म्हणजे, ज्याने त्याच बर्मिंगहॅममध्ये २० एप्रिल १९६८ रोजी परदेशांतून येऊन वसणाऱ्यांविरुद्ध भाषण करून इंग्लंडात वणवा पेटविला आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या पक्षाच्या वरिष्ठ वर्तुळातील जागा गमावली, तो. त्या वर्षी तेथे येत होते ते केनियातील हिंदी लोक. १९७२ साली युगांडातून हाकलले गेलेलेही आले. त्यांत गुजराती बहुसंख्य होते, पण पूर्व आफ्रिकेतील कचेऱ्यांत आयुष्य घालविलेले आमचे गोमंतकीय बंधूही पुष्कळ होते. तेव्हा ते शब्द कोणा दूरच्या परक्याला उद्देशून नव्हते. ज्यांची पत्रे आमच्या गावांत येत, त्यांना उद्देशून होते.

येथे पुस्तकाची भाषा बदलते, हे टीकाकाराच्या नजरेतून सुटू नये. व्यसनाविषयी हा लेखक पानेच्या पाने, स्वतःची गय न करता लिहितो. बर्मिंगहॅमविषयी मात्र तो काही ओळींत आटोपते घेतो. आपला रोख वंशावर नव्हता, सरकारच्या धोरणावर होता, असे समर्थन करतो. जो हात स्वतःवर चाबूक ओढताना थरथरला नाही, तो येथे एकाएकी वकिलाचा होतो. याचे कारण उघड आहे. व्यसन कबूल करणाऱ्याची आज वाहवा होते. द्वेष कबूल करण्यात कसलीच शोभा नाही. व्यसनाचा भुर्दंड त्याने एकट्यानेच भरला असेही नाही. त्याच्या घरातल्या स्त्रियांनी तो पुष्कळ भरला, आणि पुस्तकात हे आलेही आहे. पण निदान त्या खात्यात त्याचे स्वतःचे नाव वर होते. बर्मिंगहॅमच्या खात्यात सारे नावे पडले ते रस्त्यावर मार खाणाऱ्या दुसऱ्यांच्या.

आणि अधिक खेदाची गोष्ट अशी की, ज्या संगीताने याला देव केले ते कोणाचे? दोनच वर्षांपूर्वी, १९७४ साली, त्याचे जे गीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, ते जमैकाच्या बॉब मार्लेचे 'आय शॉट द शेरीफ'. ज्यांचे स्वर घेतले, त्यांच्याच भाईबंदांना दार दाखविले!

हे प्रथम कोणी बोलून दाखविले? नीतिमार्तंडांनी नव्हे. रेड सॉंडर्स नावाचा एक छायाचित्रकार आणि त्याचे काही मित्र, म्हणजे रॉक संगीतावर जीव टाकणारेच लोक, यांनी संगीताच्या साप्ताहिकांना एक पत्र लिहिले. तुझे निम्मे संगीत कृष्णवर्णीयांचे आहे, हे तू कबूल कर, असे त्यांनी क्लॅप्टनला बजावले, आणि वंशद्वेषाविरुद्ध उभे राहू इच्छिणाऱ्यांनी आम्हांस लिहावे अशी विनंती केली. शेकडो उत्तरे आली. त्यातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ रोजी तिची मिरवणूक ट्रॅफल्गार चौकातून निघून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत चालत गेली. तेथे जमलेल्यांचा अंदाज ८०,००० ते १,००,००० असा सांगतात. गोऱ्यांच्या 'द क्लॅश'बरोबर बर्मिंगहॅमच्याच हँड्सवर्थ भागातील कृष्णवर्णीय तरुणांचे 'स्टील पल्स' हे पथक त्या मंचावर वाजले. रसिकतेची याहून मोठी कसोटी आम्हांस ठाऊक नाही. या लोकांनी तबकड्या जाळल्या नाहीत, आणि देवाचे चुकले असे म्हणण्यास ते भ्यालेही नाहीत.

क्लॅप्टनला मात्र उमजण्यास फार वेळ लागला. २००४ साली, पूर्ण शुद्धीवर असताना, तो पॉवेलच्या धैर्याची वाखाणणीच करीत होता. म्हणजे सारा दोष मद्याचा नव्हता. २०१७ च्या माहितीपटात आणि पुढच्या वर्षीच्या जाहीर बोलण्यात मात्र त्या वर्तनाची आपल्याला लाज वाटते, असे त्याने स्पष्ट सांगितले. एकेचाळीस वर्षे! पुढे साथीच्या काळात टाळेबंदीविरुद्ध गाणे गाऊन आणि लसीची सक्ती असेल तेथे वाजविणार नाही असे जाहीर करून त्याने आणखी एक वाद ओढवून घेतला. त्याची चर्चा येथे करीत नाही. एका दोषातून सुटलेला माणूस सर्वज्ञ होत नाही, एवढेच त्यावरून दिसते.

आपल्या परंपरेत यावर एक तोड आहे. कीर्तनकार उभा राहिला की सत्तर वर्षांचे आजोबाही त्या पंचविशीतल्या पोराच्या पायांना हात लावतात. तो नमस्कार पोराला नसतो, नारदाच्या गादीला असतो. पोराचे वर्तन बिघडले तर गादीला बट्टा लागतो, पण गादी उरते. रॉकच्या मंचावर अशी गादी नाही. तेथे माणूस एकटा प्रकाशात उभा असतो. चाहत्याने नमस्कार करावयाचा म्हटला तर त्या माणसालाच करावा लागतो, आणि मग त्याच्याबरोबर चाहतेही कोसळतात.

परंतु ही तोड सांगून आम्ही हात झटकून मोकळे व्हावे, तर मन खाते. आमच्याच देवळांच्या सभामंडपांत पिढ्यानुपिढ्या ज्या कलावंतिणींनी गाणे जिवंत ठेवले, त्यांच्याशी आमचे वाडवडील कसे वागले? गाणे देवाचे, आणि गाणारी मात्र पंक्तीबाहेर. चारित्र्य हा शब्द त्यांच्या तोंडावर फेकणाऱ्यांनीच त्यांचे ते जिणे घडविले होते. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई यांची नावे आज आम्ही अभिमानाने घेतो. १९७७ साली व्हॉयेजर यानांतून केसरबाईंची भैरवी अंतराळात गेली, हेही पाहुण्यांना सांगतो. पण ज्या घराण्यांतून हे स्वर आले, त्यांना कोणी, केव्हा माफी मागितली? क्लॅप्टनला एकेचाळीस वर्षे लागली म्हणून बोट दाखविताना, आमची मोजदाद कोठून सुरू करावी हे आम्हांस समजेना.

पुस्तक परत करण्यास गेलो तेव्हा मुलाला म्हणालो, चित्र राहू दे. पण त्याच्या वर आणखी एक लाव. क्लॅप्टनने २००४ साली ज्याच्या गीतांची अख्खी ध्वनिमुद्रिका काढली, त्या रॉबर्ट जॉन्सनचे. १९३६ व ३७ साली टेक्सासमध्ये त्याने २९ गीते गाऊन ठेवली आणि १९३८ साली, सत्ताविसाव्या वर्षी, तो मरून गेला. त्याची छायाचित्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. मुलाने त्यांतले एक कोठून तरी छापून आणले: कडेची टोपी, पट्ट्यापट्ट्यांचा कोट, मांडीवर गिटार, आणि फ्रेटबोर्डावर कोळ्याच्या पायांसारखी पसरलेली लांबलचक बोटे.

परवा त्या घरी गेलो होतो. गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून त्या दुसऱ्या चित्रासमोर उभे होते. "आता हा कोण?" त्यांनी विचारले. मुलगा सांगू लागला, आणि बापाने खुर्ची ओढून घेतली.