दोन रेघांमधलं अंतर

१६.६ आणि १७.१. नॉर्वेतल्या ‘नॉरस्टेंट’ अभ्यासाचं सार या दोन आकड्यांत आहे, आणि पहिल्या वाचनात ते चक्क निराश करतं. ९,०१३ रुग्ण, सहा वर्षं, देशातली अँजिओप्लास्टी करणारी तेव्हाची आठही केंद्रं. आणि एवढ्या खटाटोपातून हाती काय, तर अर्धा टक्का. तोही संख्याशास्त्राच्या तराजूत न भरणारा. तरीही ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१६ साली आलेला हा निबंध मी अधूनमधून पुन्हा काढून वाचतो.

सामना साधा आहे. हृदयाची नस उघडी ठेवायला एका गटाला धातूचा नुसता स्टेंट, दुसऱ्याला औषध लावलेला. आपल्याकडे पेशंट सांगतो तसं, ‘स्प्रिंग टाकली, औषधवाली.’ सहा वर्षांत किती जण दगावले किंवा किती जणांना हार्ट अटॅक आला, हा मुख्य प्रश्न. औषधवाल्या गटात १६.६ टक्के, साध्या गटात १७.१. आलेखावर या दोन रेघा मांडल्या, तर दर घटनेला एकेक पायरी चढत त्या सहा वर्षं एकमेकींना खेटून चालतात.

या खेटून चालण्याची गोडी कळायला मागचं थोडं ठाऊक हवं. २००२ साली ‘रॅव्हेल’ हा अभ्यास आला, अवघ्या २३८ रुग्णांचा. स्टेंटच्या आतली पोकळी सहा महिन्यांत किती आक्रसते, ते त्यात मोजलं होतं. साध्या स्टेंटमध्ये सरासरी ०.८० मिलिमीटर. सिरोलिमस हे औषध लावलेल्या स्टेंटमध्ये उणे ०.०१. ते उणे चिन्ह बघा. आक्रसणं सोडाच, पोकळी नावापुरती का होईना वाढलेली! नस पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण साध्या गटात २६.६ टक्के, औषधवाल्या गटात शून्य. कॅथलॅबमधली मंडळी हरखून गेली, यात नवल ते काय?

पण ज्या औषधामुळे नसेतल्या पेशी वाढून स्टेंट बुजवत नाहीत, तेच औषध स्टेंटच्या तारेवर नसेचं अस्तर धरायलाही वेळ लावतं. औषध धरून ठेवणाऱ्या पॉलिमरचा दाह वेगळाच. तार उघडी राहिली की वर्ष-दोन वर्षांनीही तिच्यावर अचानक रक्ताची गुठळी धरू शकते. २००६ साली बार्सिलोनाला युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदेत ही भीती उघडपणे बोलली गेली. २००७ साली स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींतून औषधवाल्या स्टेंटच्या गटात मृत्यू जास्त दिसले. २००९ साली त्याच नोंदींत जास्त रुग्ण आणि जास्त काळ धरून पाहिलं, तेव्हा तो फरक उरला नाही. वाचकाने कोणत्या आकड्यावर विसंबावं?

नॉरस्टेंट या गोंधळाच्या काळातला. त्याचं पहिलं शहाणपण प्रश्न निवडण्यात आहे. नसेची पोकळी हा डॉक्टरांचा प्रश्न. जगलो-वाचलो का, हा पेशंटचा. या निबंधाने दुसरा आधी धरला. कुणाला कोणता स्टेंट, ते लॉटरीसारखं ठरवलं, म्हणजे डॉक्टरांची आवडनिवड मधे आली नाही. गुठळी रोखणाऱ्या ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलची जोडगोळी दोन्ही गटांना सारखीच, नऊ महिने सांगितली. तुलना स्टेंटची, तर बाकीचं पारडं समान हवंच. आणि स्टेंटही नव्या पिढीचे, बहुतेक एव्हरोलिमस या औषधाचे. त्यांतल्या सर्वांत चालणाऱ्या स्टेंटची तार ८१ मायक्रॉन, केसाएवढी. रॅव्हेलच्या स्टेंटची १४० होती.

मग दुय्यम आकडे. पुन्हा अँजिओप्लास्टी किंवा बायपास करावी लागली ती साध्या गटात १९.८ टक्क्यांना, औषधवाल्या गटात १६.५. इथे रेघा हात सोडतात. गुठळीचा आकडा आणखी मजेदार: औषधवाल्या स्टेंटमध्ये ०.८ टक्के, साध्यात १.२. ज्याची धास्ती होती त्याच बाबतीत औषधवाला सरस! पण फरक योगायोगाचा नाही म्हणायला संख्याशास्त्राचा ‘पी’ आकडा ०.०५ च्या खाली हवा आणि इथे आलाय ०.०४९८. काठावर पास. लेखकांनी तो आकडा ०.०५ करून झाकला नाही, चारही दशांश स्थळं छापली. मला या निबंधातली सर्वांत सुंदर जागा हीच वाटते. रोजच्या जगण्याच्या प्रश्नावलीत तर दोन्ही गट सारखेच निघाले.

उणिवा आहेत. आधी स्टेंट टाकलेले रुग्ण यात नाहीत, फाट्यावरच्या ब्लॉकला दोन स्टेंट लागतील असे नाहीत. गुंतागुंतीच्या नसांना हा निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही. आणि सहा वर्षं म्हणजे पन्नाशीच्या पेशंटला काहीच नाहीत.

निबंध छापून आल्यावर काही महिन्यांतच, फेब्रुवारी २०१७ मध्ये, भारत सरकारने स्टेंटच्या किमतींना चाप लावला: साधा ७,२६० रुपये, औषधवाला २९,६००. म्हणजे चौपट. कॅथलॅबबाहेर बाकावर बसलेला पेशंटचा मुलगा डॉक्टरांना विचारतो, ‘महागाची टाकली तर बाबा जास्त जगतील ना?’ नॉर्वेचं उत्तर सरळ आहे: त्याने आयुष्य वाढतं असं दिसलं नाही, घातही दिसला नाही. तीस जणांना औषधवाली टाकली, तर सहा वर्षांत एकाची पुन्हा टेबलावर जायची वेळ टळते. तो एक बाबाच असतील का, हे मात्र कुठलाच आलेख सांगत नाही.