शब्दांची गुहा आणि अंध खेळाडू

संगणकावरील जे खेळ केवळ शब्दांवर चालतात, ज्यांत चित्र नाही की हलती आकृती नाही, त्यांच्याविषयी एक सद्भावनेचे मत रूढ झालेले आहे. ते असे की, हे खेळ अंधांसाठी जणू आपोआपच सिद्ध झाले आहेत. पडद्यावरचा मजकूर स्क्रीन रीडर मोठ्याने वाचतो, खेळाडू आपली आज्ञा टंकित करतो. मग डोळ्यांची गरजच काय? हे मत ऐकावयास गोड असले तरी आमच्या मते ते अर्धेच खरे आहे. या अर्धसत्यामुळे रचनाकाराला आपली जबाबदारी संपली असे वाटू लागते, म्हणून त्याचा परामर्श घेणे अवश्य आहे.

या प्रकाराचा आदिग्रंथ म्हणजे ‘कोलॉसल केव्ह ॲडव्हेंचर’. अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या मॅमथ गुहांत हिंडणाऱ्या विल क्राउथर या संगणकतज्ज्ञाने तो १९७६ च्या सुमारास रचला आणि १९७७ मध्ये डॉन वुड्स याने तो वाढविला. क्राउथर स्वतः गुहांची मोजणी करणारा होता. त्यामुळे वाट कोठून निघते, छत किती खाली येते, उतार कोणत्या बाजूस आहे, हे तो मोजणीदाराच्या काटेकोरपणाने सांगतो. अंध खेळाडूस अशा गद्याचा मोठाच आधार मिळतो, कारण त्यात शोभेपेक्षा रचना अधिक आहे.

परंतु याच खेळात दिवा विझला की काय होते ते पाहावे. खेळाडूस एवढेच कळते की सर्वत्र काळोख आहे आणि पुढे पाऊल टाकल्यास खड्ड्यात पडण्याचा संभव आहे. १९७७ मध्ये एम.आय.टी.च्या विद्यार्थ्यांनी आरंभिलेल्या ‘झॉर्क’मध्ये तर काळोखात ‘ग्रू’ नावाचा प्राणी खेळाडूस खाऊन टाकतो. दिव्याची शक्ती मर्यादित ठेवावी आणि ती जपून वापरावयास लावावी, ही खेळाची युक्ती म्हणून वाजवी आहे. तीस आमची हरकत नाही. हरकत आहे ती काळोखाच्या या वर्णनास. दिवा गेल्याबरोबर गुहेतील वाऱ्याची झुळूक, पाण्याचे ठिबकणे, पावलांचा प्रतिध्वनी, भिंतीचा ओलसर खडबडीतपणा हे सारेच नाहीसे का व्हावे? डोळस माणसाने डोळे मिटले आणि जग संपले असे जाहीर केले, असा हा प्रकार आहे. जो जन्मभर दिव्यावाचून वावरला, त्यास हे वर्णन भयंकर वाटण्याऐवजी केवळ अपुरे वाटेल.

आश्चर्य असे की, याहून जुना आणि शब्दांनी कितीतरी दरिद्री असा एक खेळ या बाबतीत अधिक शहाणा होता. ग्रेगरी योब याने १९७३ मध्ये रचलेल्या ‘हंट द वम्पस’मध्ये वीस खोल्यांची गुहा आहे, प्रत्येक खोलीतून तीन वाटा निघतात. श्वापद शेजारच्या खोलीत असेल तर त्याचा वास येतो, खड्डा जवळ असेल तर वाऱ्याची झुळूक लागते. नाक आणि त्वचा यांच्या साक्षीवरून खेळाडूने तर्क करावयाचा असतो. याच खेळाचे सूत्र घेऊन अँड्र्यू प्लॉटकिन यांनी १९९९ मध्ये ‘हंटर, इन डार्कनेस’ लिहिला. त्यातील अंधाऱ्या गुहेत सरपटताना दगड अंगास घासतो, हवा दाटते, वास सुगावा देतो. काळोखाचे वर्णन कसे करावे याचा वस्तुपाठ म्हणून आम्ही या कृतीकडे बोट दाखवितो. ती अंधांच्या सोयीसाठी रचलेली आहे असा आमचा दावा नाही. लेखकाने काळोखाशी प्रामाणिक राहण्याचे ठरविले आणि त्यातूनच ती सर्वांची झाली.

दुसरा प्रश्न नकाशाचा. या खेळांतील भुलभुलैयांत अनेक खोल्यांचे वर्णन सारखेच असते. हातातील एकेक वस्तू तेथे टाकून त्या ओळखावयाच्या असतात. डोळस खेळाडू शेजारी कागद घेऊन रेघा ओढतो. अंध खेळाडूस तोच परिच्छेद पुनःपुन्हा ऐकत सारा नकाशा मनात धरावा लागतो. येथे कसोटी बुद्धीची राहात नाही, केवळ सोशिकतेची होते. पुढे झॉर्ककारांच्या इन्फोकॉम या संस्थेने १९८२ पासून खेळांच्या खोक्यात छापील कागद व वस्तू घालण्याची प्रथा पाडली. त्याच वर्षीच्या ‘स्टारक्रॉस’मध्ये छापील तारानकाशावाचून पुढे जाणे अशक्य होते. हाताळावयाच्या या वस्तूंतील माहिती शाईने छापलेली होती, म्हणजे हातास ती मुकीच होती. १९८७ च्या ‘बियाँड झॉर्क’ने तर नकाशा पडद्यावरच काढला. चित्र नसलेल्या खेळातही डोळ्याचे राज्य कसे शिरते, हे यावरून दिसून येईल.

तिसरा प्रश्न वाक्याच्या क्रमाचा. डोळा परिच्छेदावरून धावतो, नको ते गाळतो. कान मात्र आरंभापासून शेवटपर्यंत बांधलेला असतो. म्हणून जे बदलले ते आधी सांगावे, वाटा स्पष्ट सांगाव्यात, आणि ऐकलेले वर्णन पुन्हा ऐकावे की नाही हे खेळाडूच्या मर्जीवर सोडावे. इन्फोकॉमच्या खेळांत वर्णन लांब किंवा त्रोटक करण्याच्या आज्ञा होत्या. ही जुनी सोय आजही अनुकरणीय आहे. उलट, दुव्यांवर बोट ठेवून पुढे जाण्याच्या अलीकडच्या कथाखेळांत अक्षरे हळूहळू उमटविण्याची जी हौस दिसते, ती कानाच्या वाचकास जाचक होते. इंटरॅक्टिव्ह फिक्शन टेक्नॉलॉजी फाउंडेशनने अपंग खेळाडूंकडून खेळ तपासून घेऊन २०१९ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. ज्याच्यासाठी रचावयाचे त्यालाच आधी विचारावे, हा त्यातील मार्ग आम्हांस सर्वात मोलाचा वाटतो.

यावर कोणी म्हणेल की, मग वर्णनातून रंग, प्रकाश आणि ‘पाहा’ ही आज्ञा हद्दपार करावी काय? मुळीच नाही. अंध माणूसही ‘पाहतो’ असेच म्हणतो आणि तांबड्या रंगाचा अर्थ भाषेतून त्यास ठाऊक असतो. दोष रंग सांगण्यात नाही, रंगाखेरीज काहीच न सांगण्यात आहे. तसेच कोडी सोपी करा असेही आमचे म्हणणे नाही. दयेपोटी सोपा केलेला खेळ हा अपमानच होय.

आमच्या वाचकांस हा विषय परका वाटू नये. अंध संगणकतज्ज्ञ मायकेल करन यांनी ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये आरंभिलेला एन.व्ही.डी.ए. हा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो, आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या ई-स्पीक या वाणीस मराठी व कोकणी दोन्ही येतात. कान तयार आहे. त्याने ऐकावे असे काही लिहिले गेले पाहिजे. इंग्रजी खेळ आज्ञेच्या आरंभी क्रियापद शोधतो. आपल्याकडे ते शेवटी येते. मराठीत ‘दिवा घे’ म्हटले तरी पुढे ‘दिव्यात तेल घाल’ असे नामाचे रूप बदलते. कोकणीत ‘दिवो’ असतो. खेळाने ही सारी रूपे ओळखली पाहिजेत. हे काम कष्टाचे आहे, अशक्य नाही.

शब्द हे अंध खेळाडूचे जग असते, अशी भाबडी स्तुती आता पुरे. त्याचे जग त्याच्यापाशी आहेच. लेखकाने त्यात शिरून लिहिले की नाही, एवढाच प्रश्न आहे. ज्या खेळाचे शब्द दिवा विझताच मुके होतात, तो खेळ दिवा पेटलेला असतानाही फार काही पाहात नव्हता, असेच आम्ही म्हणू.