निकाल लागला की लावला?

‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ मी पहिल्यांदा पाहिला तो हॉस्टेलच्या खोलीत, रूममेटच्या फोनवर. इअरफोनचं एक टोक त्याच्या कानात, एक माझ्या. शेवटी केन माइल्स गाडीतून उतरतो, आपण जिंकलो असं समजून पुढे येतो आणि त्याला कळतं की पहिला नंबर दुसऱ्याच गाडीला दिलाय. रूममेटनं इअरफोन काढून गादीवर टाकला. “हे तर सरळसरळ चीटिंग आहे,” तो म्हणाला. मग आम्ही दोघं बराच वेळ त्या सूटबूटवाल्या कंपनीच्या साहेबाला शिव्या देत बसलो.

रात्री झोप येईना म्हणून मी त्या शर्यतीचा खरा निकाल शोधला. ले मान्स, फ्रान्स, १८ आणि १९ जून १९६६, चोवीस तास. एक साधा तक्ता: क्रमांक, गाडीचा नंबर, टीम, ड्रायव्हर, गाडी, फेऱ्या. वरच्या तीन ओळी फोर्डच्या. चौथी ते सातवी पोर्शेच्या. आणि आठव्या ओळीत फेरारी. मी पुन्हा एकदा वाचलं. ज्या शर्यतीत फेरारीचं पानिपत झालं असं आम्ही नुकतंच अडीच तास पाहिलं होतं, त्या शर्यतीत फेरारीची एक गाडी व्यवस्थित शेवटपर्यंत धावली होती आणि आपल्या गटात पहिली आली होती. सिनेमात तिचा पत्ताच नव्हता.

त्या रात्रीपासून मला शर्यतींचे निकाल वाचायची सवय लागली. आज मला हा सिनेमा आणि हा तक्ता शेजारी शेजारी ठेवून वाचायचे आहेत, कारण दोघंही एकच गोष्ट सांगतात आणि दोघांच्याही सांगण्यात खोट आहे.

मराठीत ‘निकाल’ हा मोठा गमतीचा शब्द आहे. निकाल लागतो आणि निकाल लावलाही जातो. पहिल्यात कर्ता दिसत नाही. बारावीचा निकाल लागतो, जसा पाऊस लागतो. दुसऱ्यात कोणीतरी कोणाचा तरी निकाल लावतो, म्हणजे काम तमाम करतो. तक्ता नेहमी पहिल्या अर्थानं बोलतो. जेम्स मॅनगोल्डचा २०१९चा सिनेमा पूर्णपणे दुसऱ्या अर्थानं बोलतो.

आधी सिनेमाच्या पदरात त्याचं माप टाकू. शर्यतीवरचे सिनेमे बहुतेक वेळा वेग दाखवतात. हा सिनेमा थकवा दाखवतो. रात्रीचा पाऊस, काचेवरून वाहणारं पाणी, ब्रेक तापून लाल होणं, पिटमधली धावपळ, घड्याळाकडे बघणारे लालबुंद डोळे. चोवीस तासांची शर्यत म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्यापैकी आधी कोण मोडतं याची परीक्षा, हे तो समजावून सांगत नाही, ऐकवतो. संकलन आणि ध्वनिसंकलन या दोन्हींसाठी त्याला ऑस्कर मिळालं ते योग्यच होतं. फोनवर पाहतानासुद्धा गिअर बदलण्याचा आवाज आमच्या दातांत जाणवत होता. क्रिश्चियन बेलचा माइल्स हा तोंडाळ, हट्टी, हातांना ग्रीस लागलेला माणूस आहे आणि तो पहिल्या दहा मिनिटांत आपला होतो.

अडचण इथूनच सुरू होते. एक माणूस इतका आपला झाला की बाकीचे सगळे परके होतात. ले मान्सला त्या वर्षी एका गाडीत दोन ड्रायव्हर असत. माइल्सच्या गाडीत त्याचा जोडीदार होता डेनी हल्म, जो पुढच्याच वर्षी, १९६७ साली, फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. सिनेमात तो जवळजवळ दिसतच नाही. माइल्स एकटाच रात्रंदिवस गाडी हाकतोय असं वाटत राहतं. ज्यांनी ‘चोरून’ पहिला नंबर घेतला असं आपल्याला वाटतं ते कोण होते? ब्रूस मॅक्लारेन आणि ख्रिस एमन. दोघंही न्यूझीलंडचे, हल्मसारखेच. एमन तेव्हा बावीस वर्षांचा होता. पुढे तो फॉर्म्युला वनच्या एका पिढीतला सर्वांत कमनशिबी ड्रायव्हर म्हणून ओळखला गेला, कारण जागतिक अजिंक्यपदाची एकही ग्रांप्री त्याला जिंकता आली नाही. मॅक्लारेननं स्वतःच्या नावाची टीम काढली होती, जी आजही धावते. तो १९७० साली गाडीची चाचणी घेताना गेला. ही माणसंसुद्धा चोवीस तास जागली होती आणि त्यांची गाडीसुद्धा ३६० फेऱ्या पळाली होती. सिनेमाच्या हिशेबात मात्र ती नुसती अडगळ आहे.

निकालाचा मूळ पेच असा होता. शर्यतीच्या अखेरीस फोर्डच्या तीन गाड्या पुढे होत्या. कंपनीला वाटलं, तिघी एकत्र रेषेपार जाताना फोटो निघाला तर काय बहार येईल. म्हणून माइल्सला वेग कमी करायला सांगितलं गेलं. पहिल्या दोन गाड्या जवळजवळ बरोबर पोहोचल्या. पण ले मान्समध्ये रेषा आधी कोणी ओलांडली यापेक्षा चोवीस तासांत कोणी जास्त अंतर कापलं हे मोजलं जाई. शर्यत सुरू होताना गाड्या ओळीनं तिरप्या उभ्या असत आणि मॅक्लारेनची गाडी माइल्सच्या गाडीपेक्षा काही मीटर मागे उभी होती. दोघी एकत्र पोहोचल्या म्हणजे मागून निघालेलीनं तेवढं अंतर जास्त कापलं. चार हजार आठशे किलोमीटरहून जास्त पळाल्यावर पहिला कोण हे त्या काही मीटरनी ठरवलं. माइल्सनं त्याच वर्षी डेटोना आणि सेब्रिंग या मोठ्या शर्यती जिंकल्या होत्या. ले मान्स तिसरी ठरली असती. दोन महिन्यांनी, १७ ऑगस्टला, रिव्हरसाइड इथे नव्या गाडीची चाचणी घेताना तो गेला. पुन्हा संधी मिळालीच नाही.

एवढं सगळं खरं आहे आणि ते पुरेसं करुण आहे. तरी सिनेमाला ते पुरत नाही. त्याला खलनायक हवा असतो, तो त्याला लिओ बीबी या फोर्डच्या अधिकाऱ्यात सापडतो. बीबी पहिल्यापासून माइल्सवर डूख धरून असतो आणि शेवटी डाव साधतो. कॅरल शेल्बी, म्हणजे मॅट डेमन, निरोप फक्त पोहोचवतो आणि निर्णय माइल्सवर सोडतो. आपला हिरो हात झटकून मोकळा. खऱ्या शेल्बीनं मात्र नंतरच्या आयुष्यात, आपण त्या बेताला होकार दिला याची खंत उघड बोलून दाखवली होती. मला वाटतं, या सिनेमानं दवडलेला सगळ्यात मोठा प्रसंग हाच. मित्राच्या वाट्याचं हिसकावलं जाताना तुम्ही तिथेच होतात, ‘हो’ म्हणालात आणि मग ते ‘हो’ घेऊन आयुष्यभर जगलात. बीबीला शिव्या देणं सोपं आहे. शेल्बीकडे बघणं अवघड होतं, म्हणून सिनेमानं तिकडे पाहिलंच नाही. उलट शेवटी एन्झो फेरारी प्रेक्षकांतून माइल्सला टोपी काढून मान देतो. एन्झो त्या दिवशी ले मान्सला नव्हताच. शत्रूसुद्धा आपल्या बाजूनं आहे हे सांगण्यासाठी त्याला तिथे आणून बसवलंय.

आता तक्त्याकडे. तक्ता खोटं बोलत नाही असं आपण धरून चालतो. तो खोटं बोलत नसेल, पण गप्प बसण्यात तरबेज आहे. जुन्या निकालांत खाली शर्यत सोडलेल्या गाड्यांची यादी असते आणि प्रत्येकीसमोर कारण लिहिलेलं असतं: इंजिन, गिअरबॉक्स, अपघात. १९६६ला ५५ गाड्या निघाल्या आणि फक्त १५ पोहोचल्या, त्यामुळे ही यादी वरच्या यादीपेक्षा लांब आहे. ज्या पोहोचल्या त्यांच्यासमोर मात्र कारणाचा रकानाच नसतो. हरणाऱ्याला कारण द्यावं लागतं, जिंकणाऱ्याला कोणी विचारत नाही. माइल्सच्या दुसऱ्या नंबरलाच कारण हवं होतं आणि तिथे फक्त ३६० हा आकडा आहे. पहिल्या ओळीतही तोच आकडा आहे.

तरीही तक्त्याकडे एक गोष्ट आहे जी सिनेमाकडे नाही. तो आठव्या ओळीपर्यंत जातो. ती आठवी गाडी होती फेरारी २७५ जीटीबी, ब्रिटनमधल्या मॅरेनेलो कन्सेशनेअर्स टीमची, ड्रायव्हर पियर्स करेज आणि रॉय पाइक. जीटी म्हणजे ‘ग्रँड टूरिंग’: दोन माणसं आणि सामान घेऊन लांब पल्ल्याला जायची, शोरूममध्ये विकत मिळणारी वेगवान गाडी. फोर्डच्या गाडीच्या नावातही जीटी होतं, पण १९६६ची सात लिटर इंजिनाची ती मार्क टू गाडी प्रोटोटाइप गटात धावली, म्हणजे फक्त शर्यतीसाठी घडवलेल्या गाड्यांत. फेरारीच्या मुख्य प्रोटोटाइप गाड्या सगळ्या वाटेत मोडल्या. शेवटपर्यंत पोहोचली ती सव्वातीन लिटरच्या आसपास इंजिन असलेली जीटी. तिनं आपला गट जिंकला. चार वर्षांनी, मॅक्लारेन गेला त्याच जून महिन्यात, करेजही डच ग्रांप्रीत गेला. त्याच्यावर कोणी अडीच तासांचा सिनेमा काढलेला नाही. त्या विजयाची साक्ष आहे ती एका ओळीची.

बरोबर पन्नास वर्षांनी, १८ आणि १९ जूनलाच, २०१६ साली फोर्ड ले मान्सला परत आली. या वेळी खरोखरच जीटी गटात, जीटीई प्रोमध्ये. निकाल असा: पहिली फोर्ड क्रमांक ६८ (जोई हँड, डर्क म्युलर, सेबास्तियन बूर्दे), दुसरी रिसी कॉम्पेटित्सिओनेची फेरारी ४८८ क्रमांक ८२, तिसरी आणि चौथी पुन्हा फोर्ड. तक्ता पाहिला तर वाटेल, इतिहासानं स्वतःच पटकथा लिहिली. पण ओळींच्या मागे डोकावा. या गटात वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या बरोबरीनं धावाव्यात म्हणून संयोजक कोणाला वजन वाढवायला लावतात, कोणाच्या इंजिनाचा जोर कमी करतात. त्या वर्षी सराव आणि पात्रता फेरीत फोर्ड आणि फेरारी इतक्या पुढे होत्या की शर्यतीच्या तोंडावर दोघींवर जादा बंधनं आली आणि मागे पडलेल्यांना सवलत मिळाली. शोरूमच्या गाडीचं म्हणाल, तर ही फोर्ड आधी शर्यतीत धावली आणि ग्राहकांच्या हातात त्याच वर्षीच्या डिसेंबरात पडू लागली.

शेवटच्या तासात तर कहर झाला. फेरारीच्या अंगावरचे क्रमांक दाखवणारे दिवे नीट लागत नव्हते, म्हणून तिला दुरुस्तीसाठी आत येण्याचा झेंडा दाखवला. ती आली नाही. फोर्डनं तक्रार केली. फेरारीच्या टीमनं उलट तक्रार केली. शर्यत संपल्यावर दोघींच्या वेळेत दंडाचे सेकंद मिळवले गेले आणि सुमारे एक मिनिटाचं अंतर कागदावर सुमारे दहा सेकंदांचं झालं. क्रम बदलला नाही. हा निकाल लागला की लावला? मला वाटतं, दोन्ही. गाड्या पळाल्या हे खरं, आणि कोणत्या वजनानं, कोणत्या दिव्यानिशी पळायचं हे खोलीत बसलेल्यांनी ठरवलं हेही खरं.

त्याच दुपारी सगळ्यात क्रूर ओळ लिहिली गेली ती मोठ्या गटात. टोयोटाची क्रमांक ५ शेवटच्या काही मिनिटांपर्यंत पहिली होती. मग काझुकी नाकाजिमाच्या हातात ती सरळ रस्त्यावरच मेली. गाडी कशीबशी पुन्हा सुरू झाली, शेवटची फेरी रखडत पूर्णही झाली. पण ती फेरी सहा मिनिटांच्या आत व्हायला हवी असा नियम होता. विजेत्या पोर्शेइतक्याच ३८४ फेऱ्या, आणि समोर शेरा: वर्गीकृत नाही. दुसरी नाही, शेवटचीही नाही. यात कोणी बीबी नव्हता. नियम आधीच छापलेला होता.

मला इथे रूममेट आठवतो. तो स्पर्धा परीक्षा देत होता. एका भरतीच्या गुणवत्ता यादीत त्याचे आणि आणखी एकाचे गुण सारखे आले. जागा एकच उरली होती. गुण सारखे असतील तर वयानं मोठा तो वर, असा नियम जाहिरातीत होता. दुसरा याच्यापेक्षा सात महिन्यांनी मोठा निघाला. तीन वर्षांचा अभ्यास, आणि सात महिने. मॅक्लारेन काही मीटर मागे उभा होता, तो दुसरा सात महिने आधी जन्मला होता. रूममेटनं त्या दिवशी कोणालाच शिव्या दिल्या नाहीत. कोणाला देणार? दोन दिवस तो गप्प होता. तिसऱ्या रात्री त्यानं पुन्हा हा सिनेमा लावला आणि शेवटी बीबीला पहिल्यापेक्षा दुप्पट शिव्या दिल्या.

तेव्हा मला सिनेमाचं बळ कळलं आणि त्याची लबाडीही. नियमाला शिवी देता येत नाही, म्हणून तो आपल्याला एक माणूस देतो. आपण हलके होतो, पण नियम तसाच राहतो, पुढच्या यादीत पुन्हा कोणाला तरी गाठायला. तक्ता आपल्याला हलकं करत नाही. पण त्यात नियम, त्यानं मारलेला आणि त्याच नियमानं तारलेला, तिघंही शेजारी शेजारी असतात. मॅक्लारेन आणि एमन यांना ‘चोर’ न म्हणता माइल्ससाठी हळहळता येतं, हे मला सिनेमानं शिकवलं नाही. वर-खाली लिहिलेल्या दोन ३६०नी शिकवलं.

सिनेमा पाहिला नसेल तर जरूर पाहा, शक्यतो चांगल्या इअरफोननं. संपल्यावर त्याच फोनवर १९६६चा तक्ता उघडा आणि पहिल्या तीन ओळींवर थांबू नका. आठवीपर्यंत खाली या. रूममेटला मी ती ओळ दाखवली तेव्हा त्यानं करेज आणि पाइक ही नावं एकदा मोठ्यानं वाचली. मग विचारलं, “यांच्यावर पिक्चर आहे का रे?”