मुलांसाठी लिहिलेली संसद : दोन विशेषणांचा प्रश्न

मराठीत मुलांसाठी जे माहितीपर वाङ्मय निर्माण झाले, त्यात संसदेवरील लेखन थोडेथोडके नाही. पाठ्यपुस्तकांतील प्रकरणे, सामान्यज्ञानाच्या पुस्तिका, नियतकालिकांच्या बालविभागातील लेख असे ते ठिकठिकाणी विखुरलेले असते. समीक्षकाची दृष्टी मात्र त्याकडे क्वचितच वळते. कथा-कवितेचे परीक्षण करावे, नागरिकशास्त्राचे काय करावयाचे, अशी आपली समजूत. परंतु राज्यकारभाराविषयीची पहिली चित्रे मुलाच्या मनात उमटतात ती याच लेखनातून. त्यातही बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी मुलांना राज्यव्यवहाराची मराठी कानी पडण्याची ठिकाणे थोडी. त्यामुळे या पानांवर जे शब्द येतील तेच त्यांच्यापाशी उरतात. त्या शब्दांची पारख करणे हे साहित्यसंस्थांचेच काम आहे.

काही वर्षांपूर्वी एका वर्गात मी लोकसभा हे कनिष्ठ सभागृह आणि राज्यसभा हे वरिष्ठ सभागृह असे रूढ पद्धतीने सांगून मोकळा झालो. एका मुलीने विचारले, “म्हणजे लोकसभेचा निर्णय पटला नाही, तर राज्यसभेकडे अपील करावयाचे का?” वर्ग हसला. मला हसू आले नाही, कारण तिचे तर्कशास्त्र निर्दोष होते. कनिष्ठ न्यायालय, कनिष्ठ लिपिक, कनिष्ठ महाविद्यालय हे शब्द तिच्या परिचयाचे होते. जेथे ‘कनिष्ठ’ आहे तेथे त्याच्या वरचढ कोणीतरी आहे, आणि अंतिम शब्द त्याचा, हे मराठी भाषेनेच तिला शिकविले होते. चूक तिची नव्हती. आम्ही तिच्या हाती दिलेल्या विशेषणांची होती.

वस्तुस्थिती अशी की, पैशाच्या बाबतीत हा ‘कनिष्ठ’च शिरजोर आहे. धनविधेयक प्रथम लोकसभेतच मांडावे लागते. राज्यसभेने ते चौदा दिवसांच्या आत आपल्या शिफारशींसह परत करावयाचे, आणि त्या शिफारशी स्वीकारणे वा नाकारणे सर्वस्वी लोकसभेच्या मर्जीवर. मंत्रिमंडळ जबाबदार आहे तेही लोकसभेलाच. राज्यसभेने कितीही नापसंती दर्शविली, तरी सरकार पडत नाही. उलट, राज्यसूचीतील एखाद्या विषयावर राष्ट्रहितासाठी संसदेने कायदा करावा असे ठरविण्याचा अधिकार घटनेने एकट्या राज्यसभेला दिला आहे. मग वरिष्ठ कोण? प्रश्नच चुकीचा आहे.

हे शब्द आले कोठून, हे पाहण्यासारखे आहे. इंग्रजी परंपरेतील वरच्या आणि खालच्या सभागृहांचे ते मराठी रूप. १९१९ च्या कायद्यान्वये दिल्लीस जी दोन सभागृहे स्थापन झाली, त्यांतील कौन्सिल ऑफ स्टेट हे धनिक, जमीनदार अशा मूठभर मतदारांचे सभागृह होते. तेथे ‘वरिष्ठ’ या शब्दाला काही अर्थ होता, मग तो रुचो वा न रुचो. स्वतंत्र भारताच्या घटनेने मात्र सभागृहांना अशी विशेषणे कोठेही लाविलेली नाहीत. जुने दप्तर गेले, पण त्यावरील चिठ्ठी आम्ही नव्या दप्तराला तशीच चिकटवून ठेवली.

या लेखनाचा दुसरा दोष अधिक गंभीर वाटतो. त्यात काहीही घडत नाही. सदस्यसंख्या, वयोमर्यादा, मुदत, अधिकार अशी यादी येते. विधेयक मांडले जाते, त्यावर चर्चा केली जाते, ते संमत केले जाते. सारी क्रियापदे कर्मणि, आणि कर्ता बेपत्ता. अलीकडे, २०२३ साली संसद नव्या वास्तूत गेल्यापासून, तर वर्णनाचा सारा भर लोकसभेतील मोरावर आणि राज्यसभेतील कमळावर पडू लागला आहे. सजावट मुलांना आवडते हे खरे. पण दोन सभागृहे का असावीत, याचे उत्तर मोरापाशी नाही.

ते उत्तर घटनांपाशी आहे, आणि आमच्या ग्वाल्हेर-इंदूर-बडोद्याच्या मुलांना तर ती गोष्ट घराच्या अंगणातून सांगता येईल. संस्थाने विलीन झाली तेव्हा राजेलोकांना सालीना तनखे देण्याचे अभिवचन घटनेत नमूद झाले होते. ते रद्द करण्यासाठी १९७० साली घटनादुरुस्तीचे विधेयक आले. २ सप्टेंबर रोजी लोकसभेने ते संमत केले. तीन दिवसांनी ते राज्यसभेपुढे आले. अशा विधेयकाला प्रत्येक सभागृहात, हजर राहून मत देणाऱ्यांपैकी किमान दोनतृतीयांश मते लागतात. आणि येथे संयुक्त बैठकीची पळवाट नाही. अनुकूल मते पडली १४९, प्रतिकूल ७५. एकूण २२४. त्याचे दोनतृतीयांश म्हणजे १४९ पूर्णांक एकतृतीयांश! एका मताच्या तिसऱ्या हिश्श्याने विधेयक कोसळले. हे गणित पाचवी-सहावीचे मूल पाटीवर करील, आणि दुसऱ्या सभागृहाचे बळ म्हणजे काय हे त्याला व्याख्येवाचून उमगेल.

गोष्ट येथे संपतही नाही. सरकारने राष्ट्रपतींच्या आदेशाने राजांची मान्यताच काढून घेतली; ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे आणि इतर राजे सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि डिसेंबर १९७० मध्ये तो आदेश रद्दबातल ठरला. पुढे निवडणुका झाल्या, नवी लोकसभा आली, आणि १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे कायमचे गेले. तनखे जावेत की राहावेत, यावर वर्गात दोन तट पडतील. पडू द्यावेत. राज्यसभेने त्या दिवशी लोकेच्छा अडविली की घाईला आवर घातला, याचा निवाडा लेखकाने करू नये; दोन्ही बाजू मांडाव्या आणि मुलांना भांडू द्यावे.

दोन सभागृहे साध्या विधेयकावर अडून बसली तर काय होते, याचेही उदाहरण प्रत्येक घरातले आहे. हुंडाबंदीच्या विधेयकावर दोघांचे एकमत होईना. लग्नात दिलेला दागिना ही भेट की हुंडा, हा आपल्या आजीलाही पडणारा प्रश्न. मे १९६१ मध्ये दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक भरली आणि कायदा झाला. त्यानंतर अशा बैठकीत विधेयक संमत होण्याचे प्रसंग दोनच : १९७८ आणि २००२.

उपमांच्या बाबतीतही थोडी सावधगिरी हवी. दुसरे सभागृह म्हणजे चहा निववण्याची बशी, ही वॉशिंग्टनच्या नावावर खपणारी अमेरिकन आख्यायिका आहे. तिला समकालीन पुरावा नाही. पण बशीतून चहा पिणाऱ्या आम्हा लोकांना ती आपलीच वाटते, म्हणून मोह होतो. उणीव अशी की बशीत चहा फक्त निवतो, बदलत नाही. राज्यसभा विधेयकात दुरुस्त्या सुचविते, प्रसंगी ते फेटाळते. तसले काम बशी करीत नाही.

राज्यसभेत ‘राज्यांचे प्रतिनिधी’ बसतात हे वाक्यही तपासून लिहावयास हवे. ते वाचून मुलाला वाटते, सर्व राज्ये तेथे समान असतील. अमेरिकेच्या सिनेटमध्ये तसे आहे, आपल्याकडे नाही. उत्तर प्रदेशास ३१ जागा, महाराष्ट्रास १९, गोव्यास एक. शिवाय २००३ च्या कायदेदुरुस्तीपासून उमेदवार त्याच राज्यातील मतदार असण्याची अट उरलेली नाही. या सदस्यांना राज्यांच्या विधानसभांचे आमदार निवडून देतात, एवढे सांगितले तर ते खरेही आहे आणि सोपेही. राष्ट्रपतींनी नियुक्त केलेल्या बारा जणांविषयी तर आपल्या वाचकांना कुतूहल असावयास हवे : महामहोपाध्याय पां. वा. काणे आणि मामा वरेरकर हे दोघेही त्या सभागृहात बसले होते. मुलांच्या पुस्तकांत त्यांची जागा ‘साहित्य, विज्ञान, कला, समाजसेवा’ या चार शब्दांनी घेतलेली असते.

विशेषणांच्या जागी काय घालावे, असे मला विचारण्यात येते. काहीच घालू नये. ‘लोकसभा’ आणि ‘राज्यसभा’ ही नावे १९५४ साली रूढ करण्यात आली. त्या वर्षी लोकसभेच्या अध्यक्षपदी बडोद्यात जन्मलेले दादासाहेब मावळंकर होते, तर राज्यसभेचे सभापती डॉ. राधाकृष्णन. दोन्ही नावे मुलाला फोड करून देता येतात : एक लोकांची, एक राज्यांची. त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी इतकेच सांगितले. तिने विचारले, “मग पुस्तकात तसे का लिहीत नाहीत?”