भडक, पण कशाच्या तुलनेत?

राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांबद्दल मराठीत लिहिताना दोन विशेषणं हमखास येतात: 'भडक' आणि 'कॅलेंडरछाप'. जुन्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांच्या वाट्यालाही हीच येतात. या शब्दांशी माझं भांडण नाही, चित्र भडक असूच शकतं. पण लिहिणाऱ्याने नेमकं काय पाहिलं, ते तो सांगत नाही. मूळ तैलचित्र पाहिलं? छापखान्यातून निघालेली प्रत पाहिली? की कुणीतरी स्कॅन करून 'स्वच्छ' केलेली आणि फोनच्या पडद्याने आणखी उजळवलेली फाइल? या तिन्हींचे रंग तीन तऱ्हेचे असतात. कवितेबद्दल लिहिताना कोणती आवृत्ती वाचली हे आपण विचारतो. रंगाच्या बाबतीत मात्र कुणी विचारत नाही.

मी पुण्यात पॅकेजिंगच्या छपाईसाठी लागणारं सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे 'रंग बरोबर आहे' असं नुसतं म्हणून चालत नाही. कशाशी बरोबर, कोणत्या कागदावर, कोणत्या उजेडात, हे आधी ठरवावं लागतं. उजेडाचंही प्रमाण आहे, 5000 केल्विन. दोन रंगांमधलं अंतर मोजायला 'डेल्टा ई' नावाचा आकडा आहे. तो 1च्या आसपास असला तर सरावलेल्या डोळ्यालाही फरक जेमतेम कळतो. आकडा मोठा कामाचा आहे, पण तो फक्त अंतर सांगतो. कुठून मोजायचं हे त्याला विचारून उपयोग नाही. नमुना माणसाने निवडायचा असतो. समीक्षकही तो निवडतोच, फक्त सांगत नाही.

रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढला. यंत्रं जर्मनीहून आली, तंत्रज्ञही तिकडचेच. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. तिथली पद्धत शिळाछापाची. आज संगणक क्षणात चित्राचे चार रंग वेगळे करून देतो. तिथे हे काम कारागिराचं होतं. तो मूळ चित्र समोर ठेवून ठरवायचा की या पदरात लाल किती, पिवळा किती आणि सावलीत निळा कुठवर न्यायचा. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. छटा आणायची तर दगडावर बारीक ठिपके द्यायचे. जितके दगड तितक्या वेळा तोच कागद यंत्रातून जायचा आणि एक फेरी जरी केसभर सरकली तरी ओठांचा लाल हनुवटीवर उतरायचा. शेवटी वार्निश, तैलचित्राची चकाकी यावी म्हणून. ओलिओग्राफ हे नाव त्यावरूनच पडलं. हे वार्निश वर्षानुवर्षांनी पिवळं पडतं आणि मग आपण त्या पिवळेपणाला 'जुन्या चित्रांची ऊब' म्हणतो.

म्हणजे भिंतीवरच्या लक्ष्मीची रंगसंगती एकट्या रविवर्म्याची नाही. तिच्यात दगडापुढे बसलेल्या, नाव न उरलेल्या कारागिराचा मोठा वाटा आहे. रविवर्मा 1906 साली गेला, त्यानंतरही त्याच्या चित्रांच्या प्रती निघत राहिल्या. त्या प्रतींचा भडकपणा त्याच्या नावावर मांडणं मला पटत नाही. बेतलेले हावभाव, नाटकी उभं राहणं याबद्दल त्याला जरूर धरा. रंगाचा जाब विचारायचा तर पत्ता तपासून घ्या. (याच छापखान्यासाठी दादासाहेब फाळक्यांनी काम केलं आणि 1909मध्ये ते रंगीत छपाईची यंत्रं पाहायला जर्मनीला गेले. ज्या माणसाचा हात रंगीत छपाईवर बसला, त्याला आपण काळ्या-पांढऱ्या पडद्यासाठी ओळखतो.)

दीनानाथ दलालांचं प्रकरण याच्या उलट आहे. त्यांनी 1945मध्ये 'दीपावली' सुरू केला आणि 1971मध्ये जाईपर्यंत मराठी पुस्तकांची कितीतरी मुखपृष्ठं केली. ही चित्रं छापण्यासाठीच काढलेली. ब्लॉक कसा बसतो, शाई कुठे पसरते, दोन रंग एकमेकांवर आले की तिसरा कोणता होतो, हे ठाऊक असलेल्या माणसाची. म्हणून प्रदर्शनात दलालांचं 'मूळ' चित्र पाहून छापील मुखपृष्ठाला त्याची फिकी नक्कल म्हणणारे मला गोंधळलेले वाटतात. इथे अंक हीच कृती. मूळ चित्र ही तिची तयारी, आणि न छापलेला कोरा कागद हाही तिच्यातला एक रंग.

हा कोरा कागदच सगळ्यात आधी बिघडवला जातो. पिवळी पडलेली मुखपृष्ठं हल्ली हौसेने स्कॅन होतात. ते उत्तमच. पण मग एक बटण दाबलं जातं. सॉफ्टवेअर चित्रातला सगळ्यात उजळ बिंदू शोधून त्याला पांढरा करतं, सगळ्यात गडद बिंदूला काळा, आणि मधलं सगळं ताणून बसवतं. कागद धुतल्यासारखा होतो आणि त्यासोबत चेहरेही. चित्रकाराने गव्हाळ ठेवलेली बाई गोरी होऊन येते. कोडॅकच्या प्रयोगशाळांमध्ये छपाईचे रंग जुळवायला वर्षानुवर्षं एका गोऱ्या बाईचं कार्ड नमुना म्हणून वापरलं जायचं. तिची त्वचा बरोबर उतरली की यंत्र बरोबर. आमच्याकडे असं कार्ड लागत नाही, आवड आधीच पक्की आहे. लग्नपत्रिकेतला नवरदेव आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे दादा कोणत्या दिशेने 'करेक्ट' होतात, ते आपण रोज पाहतो. गावातल्या फ्लेक्सला हसणारे लोक दलालांच्या गोऱ्या केलेल्या नायिकेला 'जतन' म्हणतात, हे मला जास्त खटकतं.

काळ स्वतःही रंग बदलतो, पण त्याची दिशा वेगळी. आमच्या जळकोटात चहाच्या हॉटेलात किंवा केशकर्तनालयात उन्हासमोर टांगलेली जुनी कॅलेंडरं पाहा. सगळे देव निळे झालेले असतात. कृष्णाचं ठीक आहे, पण लक्ष्मीही निळी, कमळही निळं. छपाईच्या चार शायांपैकी पिवळी आणि गुलाबी, म्हणजे मॅजेंटा, उन्हाला टिकत नाहीत. निळी सायन आणि काळी चिवट असतात. अशा कॅलेंडरवरून चित्रकाराच्या रंगाच्या जाणिवेबद्दल कुणी लिहिलं तर आपण हसू. धुतलेल्या स्कॅनवरून लिहिलेलं मात्र गंभीरपणे छापून येतं.

नमुना कोणता, हा प्रश्न सगळ्यात उघडपणे मी विचारलेला पाहिला तो जळकोटातल्याच एका डीटीपीच्या दुकानात, 14 एप्रिलच्या आधीच्या आठवड्यात. जयंतीची पोस्टरं. कोरलड्रॉमध्ये पडद्यावर जो झळझळीत निळा दिसतो, तो शाईने होतच नाही, कारण पडदा उजेडाने रंग करतो आणि शाई उजेड गिळून. सायन 100 आणि मॅजेंटा 100 दिले की कागदावर उतरतो जांभळा. बाबासाहेबांचा कोट जांभळा, ध्वज जांभळा. नामांतराच्या लढ्यातून गेलेल्या मराठवाड्यात हे चालत नाही आणि चालूही नये. ऑपरेटर मॅजेंटा 60-70वर आणतो आणि फाइल लातूरला किंवा नांदेडला छापायला जाते. तीच फाइल फ्लेक्सवर वेगळी दिसते, आर्ट पेपरवर वेगळी. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई इतकी पसरते की 50 टक्क्यांचा ठिपका 75च्या आसपास दिसतो, म्हणजे निळा आणखी काळवंडतो.

समितीची पोरं पडद्याकडे बघून 'असाच पाहिजे' म्हणतात. ऑपरेटर पडद्यावर विश्वास ठेवत नाही. त्याच्या टेबलाच्या काचेखाली मागच्या एका वर्षीच्या पोस्टरचा कापलेला तुकडा आहे, तेव्हाच्या समितीने पसंत केलेला. तो तुकडा उन्हापासून झाकलेला असतो. वाद झाला की दुकानाबाहेर, दिवसाच्या उजेडात नेऊन दाखवायचा. 'ह्यो निळा. ह्याच्यापेक्षा निळा शाईत नाही.' कोणता रंग, कुणी ठरवलेला, कोणत्या कागदावर, कोणत्या उजेडात पाहायचा: चारही गोष्टी त्या वाक्यात आणि त्या तुकड्यात होत्या. चित्रांवरच्या लेखांत मला त्यातली एकही क्वचितच सापडते.

जुनी मुखपृष्ठं स्कॅन करणाऱ्यांकडे माझं मागणं छोटं आहे. शेजारी रंगपट्टी ठेवा, कागदाची कड कापू नका, आणि 'स्वच्छ' प्रत करायचीच असेल तर न धुतलेली फाइलही सोबत ठेवा. आणि लिहिणाऱ्यांनी 'भडक' हा शब्द खुशाल वापरावा, पण प्रत हातात घेतली होती की फोनवर पाहिली होती, तेवढं त्याच वाक्यात सांगावं.